यंत्र गप्प बसले तर

कोकण रेल्वेचा एकही रूळ सीबीडी बेलापूरमधून जात नाही. इथून धावते ती हार्बरची लोकल. कोकण रेल्वेची हद्द पार रोह्याला सुरू होते आणि तिथून खाली मंगळूरच्या वेशीपर्यंत जाते. तरीही या 741 किलोमीटरचा कारभार 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हापासून नवी मुंबईशी बांधलेला आहे, आणि त्याचे मुख्यालय आहे सेक्टर 11 मधले बेलापूर भवन. स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी रोज या इमारतीच्या अंगावरून जाते. धावत्या गाड्यांनी एकमेकींशी बोलावे आणि टक्कर होण्याआधी स्वतःच ब्रेक लावावा, ही कल्पना भारतात पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली ती याच महामंडळाने, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या यंत्राचे नाव अँटी कोलिजन डिव्हाइस, म्हणजे एसीडी. महामंडळाने त्याला दिलेले नाव होते ‘रक्षाकवच’. आज देशभर ज्या ‘कवच’ यंत्रणेचा बोलबाला आहे, तिच्या किती तरी आधीची ही गोष्ट आहे.

कोकणात गणपतीला जाणाऱ्या माणसाला ‘गाडी क्रॉसिंगला थांबलीय’ हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. मार्ग बहुतेक एकेरी. समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, उभी. 91 बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल. अभियंते ई. श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे 1990 ते 1998 या आठ वर्षांत उभे केले आणि 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. आता प्रश्न होता तो त्या एकाच रुळावर दोन्ही दिशांनी गाड्या सुखरूप चालवण्याचा.

एकेरी मार्गावरची धास्ती रेल्वेइतकीच जुनी आहे. तिच्यावरचा जुना उतारा म्हणजे टोकनचा गोळा. दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघतो, आणि तो ज्या ड्रायव्हरच्या हाती त्याचीच गाडी पुढे जाते. गोळा नसेल तर गाडी नाही. या साध्या युक्तीमागचे शहाणपण मला फार मोठे वाटते. ‘पुढे धोका आहे’ असे कोणी सांगायची वाट ड्रायव्हर पाहत नाही. ‘पुढे धोका नाही’ असे कोणी ठामपणे हाती दिल्याशिवाय तो हलत नाही.

जुन्या सिग्नलचा आडवा हातही याच विचाराने घडवलेला असतो. केबिनपासून सिग्नलपर्यंतची तार वाटेत तुटली, तर वजनाच्या भाराने तो हात आपोआप आडवा होतो, म्हणजे ‘थांब’. रुळांमधून सोडलेल्या विजेच्या प्रवाहाचेही तसेच. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने 1872 मध्ये ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, रिलेकडे जाणारा प्रवाह थांबतो आणि सिग्नल लाल होतो. पण रूळ तुटला, बॅटरी संपली किंवा वायर निखळली, तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल लालच होतो. यंत्र गप्प बसले की त्याचा अर्थ धोका. अभियंते याला ‘फेल-सेफ’ म्हणतात. रेल्वेने ही रीत शेकडो प्राणांच्या मोलाने शिकली. आयर्लंडमध्ये आर्मा इथे 12 जून 1889 ला सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि 80 जण मेले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने अखंड ब्रेक आणि इंटरलॉकिंग कायद्याने सक्तीचे केले.

2 ऑगस्ट 1999 च्या मध्यरात्रीनंतर पश्चिम बंगालमधल्या गायसल स्टेशनात अवध आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्र मेल समोरासमोर धडकल्या. किशनगंजला माणसांच्या चुकीने एक गाडी दुसरीच्या रुळावर घातली गेली होती, आणि गायसलपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आले नाही. किमान 285 माणसे मेली. त्यांत कितीतरी जवान होते. रेल्वेमंत्री नितीश कुमार यांनी राजीनामा दिला. आदल्याच वर्षी, 26 नोव्हेंबर 1998 ला, पंजाबात खन्नाजवळ रुळावरून घसरलेल्या फ्रंटियर मेलच्या डब्यांवर सियालदह एक्स्प्रेस आदळून दोनशेहून अधिक बळी गेले होते. दोन्ही ठिकाणी एका गाडीला दुसरीचा पत्ता नव्हता.

कोकण रेल्वेचे त्या वेळचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम होते. त्यांनी मांडलेली कल्पना ऐकायला अगदी सरळ होती. प्रत्येक इंजिनात एक पेटी बसवायची. तिच्यात जीपीएस, एक छोटा संगणक आणि रेडिओ. पेटी आपली जागा, वेग आणि दिशा सतत आसपास कळवत राहील आणि सुमारे तीन किलोमीटरच्या टप्प्यातल्या बाकी पेट्यांचे ऐकेल. दोन गाड्या एकाच रुळावर एकमेकींच्या रोखाने येताहेत असे दिसले, तर माणसाला न विचारता ब्रेक. ताशी शंभरच्या वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या तीन किलोमीटरचे अंतर 54 सेकंदांत संपवतात. या वेगाने धावणारी गाडी थांबायला सुमारे किलोमीटरभर अंतर लागते. म्हणजे हिशेब जमत होता, पण काठावर.

गार्डच्या डब्यातही पेटी, म्हणजे गाडी मध्येच तुटली तर कळेल. फाटकावर पेटी, म्हणजे फाटक उघडे असेल तर येणारी गाडी आपोआप मंदावेल. संकटात दाबायचे एक बटणही होते. ते दाबले की टप्प्यातली प्रत्येक गाडी थांबणार. घसरलेले डबे शेजारच्या रुळावर पडले, तर खन्नासारखी दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून हे योजलेले होते. हैदराबादच्या कर्नेक्स मायक्रोसिस्टिम्स या कंपनीबरोबर यंत्र तयार झाले.

खरा पेच होता तो ‘एकाच रुळावर’ या दोन शब्दांत. गाडी कुठे आहे हे उपग्रह सांगतो, पण ती कोणत्या रुळावर आहे ते कसे कळणार? शेजारशेजारच्या रुळांमध्ये साडेचार-पाच मीटरचे अंतर. मे 2000 पर्यंत तर अमेरिका नागरी जीपीएसचा संदेश मुद्दाम बिघडवून देत असे आणि जागा शंभर मीटरनेही चुकू शकत असे. ते बंधन उठल्यावरही साध्या जीपीएसची चूक दोन रुळांमधल्या अंतरापेक्षा मोठीच राहिली. समोरची गाडी लूप लाइनवर निवांत उभी आहे की आपल्याच वाटेवर आहे हे ओळखता आले नाही, तर एसीडी प्रत्येक क्रॉसिंगला गाडी थांबवील, नाही तर कधीच थांबवणार नाही.

राजाराम यांनी यावर काढलेली वाट हुशारीची होती. रूळ बदलताना गाडी पॉइंटवरून आधी एका बाजूला थोडी वळते आणि मग पुन्हा सरळ होते. 1:12 च्या पॉइंटवर हा कोन पाच अंशांहूनही कमी असतो, पण दिशेतला तो बदल पकडता येतो. स्टेशनात शिरल्यापासून गाडी किती वेळा डावीकडे आणि किती वेळा उजवीकडे वळली हे मोजत गेले, की ती कोणत्या रुळावर आहे हे काढता येते. त्यांनी याला ‘डेव्हिएशन काउंट थिअरी’ असे नाव दिले. जागा अचूक कळत नसेल तर वळणे मोजा. हातात असलेल्या साधनांतून उत्तर शोधण्याची ही वृत्ती मला मनापासून आवडते. कोकण रेल्वे उभी राहिली तीच मुळी अशा वृत्तीवर.

पण मोजणीत एक जोखीम असते. एक वळण हुकले की त्यापुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि तो चुकल्याचे मोजणाऱ्याला कळत नाही. दुसरी जोखीम याहून खोल होती. समोरच्या गाडीतली पेटी बंद पडली, तिची वीज गेली, डोंगराच्या कुशीत रेडिओ पोहोचला नाही, किंवा तिच्यात पेटीच नव्हती, तर आपल्या पेटीला काय ऐकू येणार? काहीच नाही. आणि काहीच ऐकू आले नाही याचा अर्थ ती काय लावणार? समोर कोणी नाही. टोकनचा गोळा आणि सिग्नलचा हात ज्या पायावर उभे होते, नेमका त्याच्या उलटा हा पाया होता. इथे यंत्र गप्प बसले की त्याचा अर्थ सुरक्षितता. कोकण रेल्वेने हे दडवले नाही. एसीडी सिग्नलची जागा घेत नाही, ती सिग्नलच्या वरचा जास्तीचा थर आहे, अशीच तिची मांडणी होती. तरीही ‘रक्षाकवच’ हे नाव ऐकणाऱ्याच्या मनात अपेक्षा मोठी तयार होते.

त्या वर्षांत जगभरचे अभियंते याच प्रश्नाशी झुंजत होते, कारण लोखंड आणि वजन यांच्या जागी सर्वत्र सॉफ्टवेअर येऊ लागले होते. कॅनडात बनलेल्या थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 दरम्यान सहा कर्करुग्णांना जीवघेण्या मात्रा दिल्या. आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही दोष होते, पण त्यातली विद्युत-यांत्रिक कुलपे ते दोष झाकून टाकत. नव्या यंत्रात ती कुलपे काढली आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. 4 जून 1996 ला युरोपचे एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटले. जुन्या रॉकेटचा प्रोग्रॅम नव्या, जास्त वेगवान रॉकेटवर तसाच वापरला होता, त्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावला नाही. मदतीला दुसरा संगणक होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम असल्याने तोही त्याच कारणाने बंद पडला. लोखंडाची तार तुटते कशी हे शंभर वर्षांच्या अनुभवाने कळले होते. प्रोग्रॅम कसा ‘तुटतो’ हे माणूस तेव्हा नुकताच शिकत होता.

इकडे कोकणाने धोक्याचे आणखी एक रूप दाखवले. 22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी विशेष गाडी वैभववाडीजवळ कटिंगमध्ये रुळावर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसे गेली. सुटी संपवून परतणारी कुटुंबे होती ती. पुढच्याच पावसाळ्यात, 16 जून 2004 ला, करंजाडीजवळ आंबोली पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांमुळे घसरून खाली कोसळली. डोंगरातून सुटलेल्या दगडात रेडिओ नसतो. तो आपली जागा कोणाला कळवत नाही. टक्कर टाळणारे यंत्र बनवणाऱ्या महामंडळावर हा घाव बसला आणि तिथल्या माणसांना त्याने हलवून सोडले. कटिंगना पोलादी जाळ्या लागल्या, उतार कमी केले गेले, पर्जन्यमापक, पुलांवर पूरसूचक, पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसले. दरड हलली तर खबर देणारी ‘रक्षा धागा’ नावाची युक्तीही पुढे आली. पावसाळ्याचे वेगळे, संथ वेळापत्रक तेव्हापासून कायमचे झाले. मुंबईहून गावी पोहोचायला उशीर होतो म्हणून त्याच्यावर चिडणाऱ्यांनी वैभववाडी आठवावी.

एसीडी मात्र पुढे सरकली. ईशान्य सीमांत रेल्वेच्या 1,736 किलोमीटर मार्गावर 2006 च्या जुलैपर्यंत ती कार्यान्वित झाली. गायसल याच रेल्वेच्या हद्दीत येते. कोकण रेल्वेने स्वतःच्या मार्गावरही ती बसवली. हे मार्ग तेव्हा बहुतेक एकेरी, डिझेल इंजिनांचे, कमी गर्दीचे होते. त्यानंतर दक्षिणेकडच्या रेल्वे विभागांत दुहेरी, विद्युतीकरण झालेल्या, गजबजलेल्या मार्गांवर चाचण्या घ्यायचे ठरले, आणि तिथे यंत्र अडखळले. रूळ ओळखण्यात चुका होत, नको तिथे ब्रेक लागत. विनाकारण थांबवणारे यंत्र धोकादायक नाही असे वरवर वाटते. पण चार वेळा खोटा ब्रेक लागला की पाचव्या वेळी ड्रायव्हर त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. काही वर्षांच्या खटपटीनंतर रेल्वेने एसीडीचा विस्तार थांबवला आणि नव्या पायावर दुसरी यंत्रणा बांधायचे ठरवले.

त्याच सुमारास, सप्टेंबर 2011 मध्ये, रेल्वेच्या सुरक्षेसाठी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर. बेलापूरहून मुंबईला जाताना वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांचे आयुष्य गेले. वीज गेली तरी अणुभट्टी बंद करणाऱ्या कांड्या स्वतःच्या वजनाने खाली पडल्या पाहिजेत, हा तिथला पहिला धडा. सिग्नलच्या हाताचे तत्त्व आणि हे तत्त्व एकच. फेब्रुवारी 2012 च्या अहवालात समितीने 19,000 किलोमीटरच्या मुख्य मार्गांवर युरोपीय धर्तीची प्रगत सिग्नल यंत्रणा पाच वर्षांत बसवावी असे सुचवले, खर्च सुमारे 20,000 कोटी रुपये. रूळ ओलांडताना दरवर्षी मरणाऱ्या सुमारे 15,000 माणसांचा उल्लेख करताना अहवालाने ‘कत्तल’ याच अर्थाचा शब्द वापरला. त्यातले सहा हजारांच्या आसपास मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचे. सुरक्षेवर देखरेख ठेवायला रेल्वेपासून स्वतंत्र, कायद्याने बांधलेले प्राधिकरण हवे, हीही या समितीची शिफारस होती. माझ्या मते अहवालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती, आणि नेमकी तीच मागे पडली.

लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेने, जी नवी यंत्रणा आखली ती आधी टीकॅस म्हणून ओळखली गेली आणि 2020 मध्ये ‘कवच’ या नावाने राष्ट्रीय यंत्रणा ठरली. तिच्या रचनेत एसीडीच्या दोन्ही दुखण्यांवर इलाज दिसतो. रूळ ओळखायला आता वळणे मोजावी लागत नाहीत. स्लीपरवर बसवलेले आरएफआयडी टॅग इंजिनाखालचा वाचक वाचतो आणि कोणता रूळ, कोणती जागा हे थेट कळते. आणि गाडी पुढे जाते ती शांतता ऐकून नव्हे. स्टेशनातले यंत्र सिग्नल यंत्रणेकडून सिग्नल आणि पॉइंटची स्थिती घेऊन रेडिओवरून ‘इथपर्यंत जा’ अशी परवानगी देते. ती जिथे संपते त्याच्या पुढे नवी परवानगी आली नाही, तर ब्रेक. टोकनचा गोळाच जणू अदृश्य होऊन परत आला.

ही यंत्रणा एसआयएल-4 या सर्वोच्च दर्जाची आहे असे सांगितले जाते. त्याचा अर्थ असा, की धोका ओढवेल असा बिघाड दहा कोटी तासांत एकाहून जास्त वेळा होता कामा नये. दहा कोटी तास म्हणजे सुमारे 11,400 वर्षे. एवढा काळ कोणी यंत्र चालवून पाहू शकत नाही. म्हणून इथे चाचणीइतकेच कागदालाही महत्त्व आहे. प्रत्येक गरज कुठून आली, प्रोग्रॅमच्या कोणत्या भागाने ती पूर्ण केली आणि ते कोणी तपासले, याची अखंड साखळी लागते, आणि ती बनवणाऱ्याशी संबंध नसलेला परीक्षक तपासतो. हे कंटाळवाणे काम आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत. टाळ्या पडल्या त्या 4 मार्च 2022 ला, सिकंदराबाद विभागात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव बसलेले इंजिन समोरच्या इंजिनापासून 380 मीटरवर आपोआप थांबले तेव्हा. ‘कवच’च्या पहिल्या तीन पुरवठादारांपैकी एक कर्नेक्स, एसीडी बनवणारीच कंपनी. बेलापूरच्या प्रयोगातून आलेली माणसे, सवयी आणि ठेचा पुढच्या पिढीच्या यंत्रापर्यंत पोहोचल्या, असे मी म्हणतो ते यामुळे.

2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार इथे कोरोमंडल एक्स्प्रेसला हिरवा सिग्नल होता आणि पॉइंट मात्र लूप लाइनकडे वळलेला. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली आणि 290 हून अधिक माणसे गेली. त्या मार्गावर ‘कवच’ नव्हते. पण असते तरी त्याने ही गाडी थांबवली असती असे मला वाटत नाही, कारण सिग्नलच खोटे बोलत होता आणि ‘कवच’ सिग्नलवर विश्वास ठेवते. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सर्किटमध्ये केलेल्या बदलांतल्या चुका निघाल्या. खोक्यातल्या तारांवरच्या खुणा आणि प्रत्यक्ष जोडणी जुळत नव्हती. लंडनमध्ये क्लॅपम जंक्शनला 12 डिसेंबर 1988 ला नेमके हेच घडले होते. कापून न टाकलेल्या एका जुन्या तारेने सिग्नल हिरवा ठेवला आणि 35 जण मेले. तिथली जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एक दिवस सुटी मिळाली होती, हे चौकशीत उघड झाले.

एसीडीला फसलेला प्रयोग म्हणून बाजूला टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. गायसलनंतर बाकीचे चौकशीचे कागद चाळत असताना बेलापूरच्या एका छोट्या महामंडळाने यंत्र बनवून रुळावर आणले. एसीडीचा दोष हुशारीच्या कमतरतेचा नव्हता. शांततेचा अर्थ लावण्यात ती चुकली, आणि ती चूक प्रत्यक्ष मार्गावर दिसल्यामुळेच पुढची यंत्रणा वेगळ्या पायावर उभी राहिली.

कोकणात आजही पावसाळा लागला की धोक्याच्या कटिंगमध्ये रात्रंदिवस गस्त असते. गस्तवाला कंदील किंवा बॅटरी घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायाखाली घालतो आणि ठरल्या वेळी स्टेशनात पोहोचून वहीत नोंद करतो. भारतीय रेल्वेच्या नियमावलीत त्याच्यासाठी एक कलम आहे. तो ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांतही आला नाही, तर का आला नाही याची चौकशी करत स्टेशन मास्तर थांबत नाही. त्या पट्ट्यात शिरणारी प्रत्येक गाडी तो आधी थांबवतो आणि ड्रायव्हरच्या हाती लेखी इशारा देतो. मग स्वच्छ दिसत असेल तर दिवसा ताशी 40, आणि रात्री किंवा धुक्या-पावसात ताशी 15 किलोमीटर.